कर्जत, खोपोली आणि घाटाच्या काळांतला एक कायदा

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या आपणां मंडळींस कर्जत म्हणजे फलाटावरचा गरम बटाटेवडा आणि जड गाड्यांस मागून जोडावयाचीं एंजिनें, एवढेंच ठाऊक असतें. या खेपेस मात्र आम्ही तेथें उतरून खोपोलीची छोटी शाखा धरली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशीं चार लहान स्टेशनें आणि मग शेवटचें खोपोली. दोहों बाजूंस भातखाचरें, मध्येंच एखादा ओहोळ, आणि डाव्या अंगास सह्याद्रीची भिंत आपल्याबरोबरच चालली आहे असा भास होतो.

या भिंतींतून आगगाडी वर नेण्याचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६३ सालीं पुरें झालें. पंचवीस बोगदे खणावे लागले. हजारों मजूर पटकीनें व अपघातांनीं दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारला, तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें काम अंगावर घेऊन तडीस नेलें. हा इतिहास घाटांत पुष्कळांस आठवतो. परंतु सुरुंग उडत असतांनाच, १८६० सालीं, कलकत्त्यास भारतीय दंडसंहिता मंजूर झाली व १८६२ पासून ती अमलांत आली, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. तिच्या ३७७ व्या कलमानें पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. खुद्द इंग्लंडनें आपला तसा कायदा १९६७ सालीं सैल केला. आपल्याकडे मात्र तो टिकला.

ही आठवण आम्हांस झाली ती सोबतच्या प्रवाशामुळें. वसईकडचे एक वृद्ध कॅथोलिक गृहस्थ, पूर्वी शाळामास्तर, खोपोलीस बहिणीकडे निघाले होते. (वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला ‘देऊळ’च म्हणतात, कानाला तें फार गोड लागतें.) बोलतां बोलतां ते म्हणाले, “तुम्ही लिहिणारे दिसतां, म्हणून विचारतों. माझा भाचा पुण्यास नोकरीला आहे. तो दुसऱ्या एका मुलाबरोबर राहतो. मित्र म्हणून नव्हे, संसार म्हणून. तीन नाताळ झाले, बहिणीनें त्याला घरांत घेतलेलें नाहीं. ती म्हणते, धर्म सांगतो. मी रोज प्रार्थना करणारा माणूस. पण धर्म हेंच सांगतो का?”

प्रश्न साधा नव्हता. रोमन कॅथोलिक मंडळीच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत दोन्ही गोष्टी लागोपाठ आहेत: असा संबंध नैतिक व्यवस्थेस सोडून आहे, ही एक, आणि अशा व्यक्तींचा आदरानें, करुणेनें व हळुवारपणें स्वीकार करावा, त्यांस अन्यायानें वेगळें वागवूं नये, ही दुसरी. भाच्याच्या आईनें पहिली वाचली, दुसरी वाचली नाहीं, एवढेंच.

रायगड जिल्हा हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्यें मोडतो. तेथील तेव्हांचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनीं, डिसेंबर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ३७७ वें कलम पुन्हा कायम केलें तेव्हां, चर्च अशा लोकांस गुन्हेगार मानीत नाहीं, असें उघड सांगितलें होतें. समलिंगी विवाहास मात्र त्यांनीं संमति दिली नाहीं. त्याच वादांत कांहीं ख्रिस्ती संघटना कलम राहावें म्हणून न्यायालयांत उभ्या होत्या, हेंही विसरतां येत नाहीं. प्रॉटेस्टंटांतही एकवाक्यता नाहीं. नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेंत या विषयावर गेलीं कित्येक वर्षें चर्चा चालू आहे. लेवीय व रोमकरांस पत्र यांतील वचनें कोणी अक्षरशः घेतात. तीं त्या काळच्या मूर्तिपूजेशीं व वासनेशीं संबद्ध असून एकनिष्ठ प्रेमाबद्दल नाहींत, असें कोणी म्हणतात.

न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस गुन्हा म्हणणें थांबविलें. १ जुलै २०२४ पासून ती जुनी संहिताच गेली. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें नाकारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रोमहून अशा जोडप्यांस, विवाहविधीचें रूप न देतां, आशीर्वाद देण्याची मुभा आली.

हें आम्हीं मास्तरांस सांगितलें, आणि आणखी एक सांगितलें. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंच्या वाट्यास केवढी ताटातूट आली, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्यांस ठाऊकच आहे. पुढें त्या पतीकडे परतल्या व १९०० सालीं स्वतःही ख्रिस्ती झाल्या. पण परतल्या तेव्हां त्यांचें सोवळें कायम होतें. मतें जुळण्यापूर्वींच घर जुळलें होतें. मास्तर हसले. “लक्ष्मीबाई आमच्याही घरांत वाचतात,” म्हणाले.

आमच्या वाचकांनींही येथें ख्रिस्ती घराकडे बोट दाखवूं नये. एकत्र कुटुंबांत असा मुलगा असला तर त्याला धर्मग्रंथ न उघडतांच पंक्तींतून उठविणारे आपल्याकडे कमी नाहींत. आणि बळेंच लग्न लावून एखाद्या परक्या मुलीचा जन्म फुकट घालविणारे तर त्याहून पुष्कळ. धर्मसंस्थेनें आपली विवाहाची व्याख्या स्वतः ठरवावी. आईचें दार ती कशी ठरवील?

खोपोलीस नाना फडणविसांचा तलाव व वीरेश्वराचें देऊळ पाहण्यासारखें आहे, आणि तालुक्यांतच महड येथें वरदविनायक आहे. आम्ही तिकडे वळलों. मास्तर निरोप घेतांना म्हणाले कीं, यंदाच्या नाताळांत भाच्यास आपण स्वतः पत्र घालणार. त्याच्या सोबत्याचें नांव पाकिटावर घालावें कीं नाहीं, एवढें बहिणीशीं बोलून ठरवावयाचें आहे, आणि ती अजून त्या विषयावर बोलत नाहीं.