ये बा

'बा' म्हणायला फार काही लागत नाही. ओठ मिटायचे, उघडायचे आणि श्वास सोडायचा. म्हणूनच दात यायच्या आधी तान्ह्या लेकराच्या तोंडून हा आवाज निघतो. त्याला अर्थ नसतो; अर्थ देतात ती भोवतालची मोठी माणसं. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी जगभरच्या 'मामा' आणि 'पापा'वर एक निबंधच लिहिला आहे. मला मात्र 'बा'नं वेड लावलं, आणि ते धाराशिव जिल्ह्यात लावलं.

इथं बापाला बा म्हणणारी माणसं अजून आहेत. 'बा रानात गेलाय', 'बाला इचार आधी'. पण हा शब्द बापापाशी थांबत नाही. 'नको बा', 'बरं बा', 'काय सांगू बा तुला' असं बोलताना समोर बाप नसतोच. दोस्त असतो, बैल असतो, कधी नुसतं आभाळ असतं. मृग कोरडा जातो, आर्द्रा निघून जातात, तेव्हा बांधावरचा माणूस वर बघून म्हणतो, 'ये बा आता.' त्या दोन अक्षरांत आर्जव असतं, हक्क असतो आणि थोडा रागही.

देवाच्या आणि संतांच्या नावांना चिकटणारा बा हाच. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा. तेरणेकाठच्या तेरला गेलं की या अक्षरापाशी मी अडखळतो, कारण तिथं गोरोबाकाका आहेत. कुंभाराचं घर. विठ्ठलाच्या नादात माती तुडवता तुडवता रांगतं लेकरू पायाखाली आलं आणि बापाला कळलंही नाही, ही कथा मराठी घरात सगळ्यांनी ऐकलेली. पुढं विठ्ठलकृपेनं ते मूल परत मिळालं असं कीर्तनकार सांगतात. तरी तुडवल्या जाणाऱ्या मातीचा तो ओला आवाज कानांतून जात नाही. ज्याच्या पायाखाली लेकरू गेलं, त्याच्याच नावाला लोकांनी बा लावला. त्याचं पितृत्व हिरावून घेतलं नाही, उलट सगळ्या गावाचं करून टाकलं. वर काकाही म्हटलं. एवढी मोठी क्षमा मी दुसऱ्या कुठल्या नावात पाहिलेली नाही.

तुळजापुराहून आग्नेयेकडे अणदूर, नळदुर्ग, पुढं मुरूम, उमरगा असं जात राहिलं की बोलण्यात कानडी मिसळू लागते आणि बा कूस बदलतो. कानडीत 'बा' म्हणजे ये. म्हातारी आजी ओसरीवरून 'बा इल्ली' म्हणते आणि नातू मराठीत 'आलो गं' म्हणत धावतो. दोघांपैकी कुणालाच आपण दोन भाषा बोललो असं वाटत नाही. खंडोबाचंही तसंच. हा देव वर्षातला बराच काळ अणदुरात असतो आणि थोडा काळ नळदुर्गात राहायला येतो. नळदुर्गातलं त्याचं ठिकाण मैलारपूर, कारण कानडी भक्तांचा तो मैलार. मराठी माणूस त्याच्या नावातच बा जोडतो. कानडी माणूस त्याला बा म्हणतो तेव्हा बोलावत असतो. पंडित भीमसेन जोशींनी पुरंदरदासांचं लक्ष्मीला बोलावणारं कानडी पद महाराष्ट्रात घरोघर पोचवलं. त्यातल्या 'बारम्मा'तही हाच बा आहे: ये, आई.

गुजरातीत तर बा म्हणजेच आई. कस्तुरबांमुळे हे आपल्याला ठाऊक. या बाची गोष्ट निघाली की मन पुन्हा तेरला येतं. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. इथलं साधं कापड, मलमल गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोचला जाई आणि तिथून जहाजानं इजिप्तच्या बंदरांकडे. आजची मराठी नि गुजराती तेव्हा जन्मायच्या होत्या. पण इजिप्तमध्ये 'बा' हा शब्द तेव्हाच हजारो वर्षांचा होता. माणूस मेल्यावर त्याच्या आत्म्याचा जो भाग मोकळा हिंडतो, तो बा. चित्रांत त्याचं अंग पक्ष्याचं आणि तोंड माणसाचं असतं. दिवसा तो उडून जातो, रात्री देहाकडे परततो. तेरचं कापड त्या किनाऱ्याला लागत होतं, तेव्हा तिथल्या कबरींच्या भिंतींवर हे पक्षी बसलेले होते. या दोन बांचं काही नातं नाही, हे मला माहीत आहे. तरी वाट खरी होती, आणि मला ती सोडवत नाही.

व्हिएतनामीत बा म्हणजे तीन, आणि दक्षिणेकडे बापही. चिनीत सूर बदलला की आठाचा बाप होतो.

आपल्याकडे आणखी एक बा निजामाच्या राज्यात कानांवर पडे. सप्टेंबर 1948 पर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत चाले. उर्दूनं फारसीतून घेतलेल्या 'बा'चा अर्थ 'सह': बाअदब म्हणजे अदबीसह. त्याचा उलटा भाऊ 'बे' मराठीनं मनापासून घेतला, बेकायदा, बेशिस्त, बेपर्वा असे शब्द त्यावर उभे राहिले; 'सह'वाला बा मात्र तेवढा रुजला नाही. मला याची हळहळ वाटते. नसलेपण सांगणारा उपसर्ग आपण घेतला आणि सोबत सांगणारा दारात ठेवला.

ही सोबत पाहायची तर अश्विनातल्या पौर्णिमेला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर यावं. कर्नाटकातून पायी निघालेल्या बायाबापड्यांनी रस्ता भरून जातो. पायांना फडकी गुंडाळलेली, डोक्यावर बोचकी, तोंडी 'आई राजा उदो उदो'. एकाच दमात आईही आणि राजाही म्हणवून घेणारी ही तुळजापूरची देवी. तिच्या दारी शब्दांनी एकच अर्थ धरून बसावं तरी कसं? घाटाच्या अलीकडे चहाचं पातेलं चढवलेला माणूस थकलेल्या म्हाताऱ्याला बघून हाक मारतो, 'ये बा, बस जरा.' म्हाताऱ्याला मराठी येत नाही. त्याला त्यातला बा तेवढा कळतो, आणि तो येतो.