दोन आटे पकडू दे

पावसाचा जोर ओसरून गणपती तोंडावर आले की महाडच्या आणि पोलादपूरच्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते. "मिस्त्री, गाडी खडखडते." कुठून, ते गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, डावीकडून म्हणतो आणि आवाज निघतो उजवीकडून. मुंबई-गोवा महामार्गाने खड्डे द्यावेत, वरंध आणि आंबेनळी घाटांनी खडी द्यावी, आणि एवढं सोसूनही इंजिनाने ब्र काढू नये. कुरकुर करतं ते अंगावरचं प्लास्टिक.

राजदूत, आरएक्स १०० या मोटरसायकलींच्या काळात वाजायला अंगावर काही नव्हतंच. टाकी, सीट, दोन साईड कव्हरं. बाकी सगळी गाडी उघडी. २००३ साली करिझ्मा आली, तिने पुढचा भाग झाकला. २००८ च्या आर-फिफ्टीनने पार खालपर्यंत झाकून टाकलं. मूळ हेतू वारा कापायचा. १९५० च्या दशकात युरोपातल्या शर्यतींत पुढचं चाकसुद्धा पोटात घेणारी फेअरिंग, म्हणजे गाडीवरचं कवच, निघाली. आडवा वारा लागला की तीच गाडीला बाजूला ढकलायची, म्हणून १९५७ च्या हंगामानंतर तिच्यावर बंदी आली. आंबेनळीत दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्याला वारा कापून काय मिळतं, हे विचारू नये. हौसेला मोल नसतं.

मोल असतं ते पॅनलला. एक लॉक तुटलं तरी कंपनीकडे अख्खं पॅनल घ्यावं लागतं. लॉक सुटं मिळत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही, पाण्याची नळी उचलतो. पॅनलच्या कडांना काळ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या क्लिपा असतात. मधली टिकली टोकदार वस्तूने दाबली की खटकन आत जाते, मागचे पाय मिटतात आणि क्लिप नखाने निघते. बसवताना उलट: टिकली आधी वर ओढून घ्यायची, क्लिप भोकात घालायची, मग टिकली दाबून सपाट करायची. घाटातला लाल चिखल टिकलीभोवती वाळून बसलेला असला तर ती दबतच नाही. मग उतावळा माणूस पेचकस घालून क्लिप उचकटतो आणि पाय आतच तुटून राहतात. पाच मिनिटं पाणी मारलं असतं तर भागलं असतं.

स्क्रूंचंही तसंच. जपानी गाड्यांच्या प्लसच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या पेचकसाच्या टोकाहून किंचित वेगळी असते. टोक तळाला टेकत नाही, जोर दिला की वर निसटतं आणि खाच गोल करून ठेवतं. निघालेले बोल्ट पुठ्ठ्यात खोचून ठेवतात. पुठ्ठ्यावर बॉलपेनने गाडीची एक बाजू काढलेली, ज्या जागचा बोल्ट त्या जागी. दिसायला सगळे सहाचे, आट्यांतलं अंतर एक मिलिमीटर. फरक लांबीचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर पलीकडे जाऊन वायरला किंवा रेडिएटरला भिडतो.

आणि बोल्ट सुटले म्हणजे पॅनल सुटलं असं नव्हे. आतल्या बाजूच्या खुंट्या रबरात रुतलेल्या असतात, कडेचे हूक शेजारच्या पॅनलमध्ये अडकलेले. "ओढू नकोस रे, आधी सरकव," असं मिस्त्री पोराला सांगतो आणि तेवढ्यापुरता स्वतःचा हात पुढे करतो.

खरी गंमत मात्र बोल्टच्या भोकात आहे. तिथे एक रबर असतं आणि रबराच्या आत लोखंडी बुश. बोल्ट आवळला की तो बुशवर आवळला जातो, प्लास्टिकवर नाही. पॅनल त्या रबरात तरंगत राहतं. फ्रेम थरथरते, उन्हाने प्लास्टिक पसरतं, थंडीत आक्रसतं. एवढी हालचाल पोटात घ्यायला ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. मागे कुणी गाडी खोलताना बुश हरवला आणि बोल्ट नुसताच आवळला, तर थोड्याच दिवसांत भोकापासून केसासारखी चीर निघते. गिऱ्हाईक आवाज ऐकून म्हणतं, "मिस्त्री, टाईट करा जरा." मिस्त्री म्हणतो, "शेट, टाईट केलंय म्हणूनच वाजतंय."

जुलै २०२१ च्या पुराने हे सगळं एकदम उघडं पाडलं. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळली. त्यापुढे गाड्यांचं दुःख ते काय. तरी पाणी उतरल्यावर माणसाला कामावर जायचं होतं, एमआयडीसीच्या पाळ्या गाठायच्या होत्या. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. वरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते आणि पॅनलच्या मागे, हेडलाईटच्या कनेक्टरांत, बोल्टच्या आट्यांत गाळ वाळून घट्ट होतो. अशा गाडीचं एकेक कवच उतरवल्याशिवाय गत्यंतर नसतं. गंजलेल्या बोल्टवर पूर्वी रॉकेल सोडायचे; आता रॉकेल सहज मिळत नाही, डिझेलवर भागवतात.

बोल्टांचा हा त्रास वाचवणारी युक्ती जुनीच आहे: विमानांच्या झाकणांसाठी विल्यम झूस नावाच्या, युक्रेनमधून अमेरिकेत गेलेल्या माणसाने १९३० च्या दशकात पाव फेऱ्यात उघडणारा खटका काढला. शर्यतीच्या गाड्यांना आजही तो लावतात. मिनिटाभरात फेअरिंग खाली. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांना तो द्यायला कंपन्यांचं काय जातं, मला कळत नाही. पाच-सहा तऱ्हांचे बोल्ट, स्क्रू आणि क्लिपा मात्र त्या न चुकता देतात.

बसवताना क्रम उलटा, आणि घाई आणखी महाग. एक बोल्ट पुरता आवळून दुसऱ्याकडे गेलं की शेवटचं भोक हमखास सरकलेलं निघतं. मग ढकलाढकली, मग बोल्ट तिरका आणि आटे साफ. "सगळ्यांना आधी दोन आटे पकडू दे," हे वाक्य गॅरेजात दिवसभर ऐकू येतं. हाताने फिरत नाही तो बोल्ट पान्याने फिरवायचा नाही. सगळे पकडले, कडा एकमेकींत बसल्या, की मग मधून सुरुवात करून थोडं थोडं आवळत जायचं.

एवढं होऊनही एखादं रबर किंवा बुश कमी पडतोच. तो मुंबई-पुण्याहून मागवायचा तर चार दिवस. चतुर्थी परवावर आलेली असताना चार दिवस थांबतो कोण! मिस्त्री सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापतो, एक केबल टाय आवळतो, वरची शेपटी पकडीने कापून टाकतो आणि सांगतो, "विसर्जन झालं की घेऊन या." गाडी कशेडीकडे निघून जाते. दिवाळीआधी ती पुन्हा दिसत नाही.