चकाकी आणि कोपरा

आमच्या घरी 1961 सालची अँबॅसडर आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा होतो. दर मे महिन्यात इंदूरहून निघून, मानपूरचा घाट उतरून, खलघाटला नर्मदेचे दर्शन घेऊन आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट ओलांडून ती आम्हांला नाशिकला आजोळी नेई. वडील गेल्यावर ती पडवीत झाकून राहिली. दोन वर्षांपूर्वी आई म्हणाली, "एकदा त्याच गाडीतून नाशिकला नेशील का रे?" नव्वदीच्या उंबरठ्यावरील आईला नाही म्हणवेना. इंजिन खोलावे लागले.

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. दट्ट्यांची वरखाली हालचाल तो चक्राकार गतीत बदलतो. आमच्या 1489 सीसीच्या इंजिनात तो अवघ्या तीन मुख्य बेअरिंगांवर तोललेला असतो. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास, आणि प्रत्येक फेऱ्यात स्फोटाचे दोन तडाखे! असा कणा घाटात मोडला तर काय होईल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

आमच्या क्रँकचे रूप काही आश्वासक नव्हते. मूळ 1.876 इंचाची क्रँकपिन पूर्वीच्या ग्राइंडिंगमध्ये तीस हजारांश इंचाने उतरलेली होती. आता मायक्रोमीटर एका दिशेने 1.845 आणि तिच्या काटकोनात 1.842 दाखवी. म्हणजे पिन लंबगोल झाली होती, आणि वर बोटाला लागतील असे ओरखडे. तिला आता चाळीसवर उतरवावे लागणार होते. या इंजिनाची बेअरिंगे त्याखालच्या मापाची मिळत नाहीत. म्हणजे हे अखेरचेच ग्राइंडिंग.

अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. तरीही जुन्या भागांच्या एका दुकानात मला मूळ मापाचा, आरशासारखा लखलखीत क्रँक मिळाला. मी हरखून गेलो आणि पुरते पैसे मोजून तो उस्तादांकडे घेऊन आलो. त्यांनी त्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "भाईसाब, चमक मत देखो, कोना देखो."

दोन्ही क्रँक रॉकेलने धुतले, तेलाच्या वाटा तारेच्या ब्रशने साफ केल्या. दोरीला टांगून लहान हातोडीने ठोकले, तर दोघांचाही नाद घंटेसारखा आला. व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल गेज लावले. वाक कोणातच नव्हता. नव्याची मापे तर निर्दोष होती. मी मनोमन सुखावलो.

मग उस्तादांनी दोन्हींवर पुन्हा रॉकेल चोळले, फडक्याने कोरडे पुसले आणि खडूची भुकटी पसरली. आम्ही चहा घेऊन परतलो, तेव्हा नव्याच्या तिसऱ्या पिनेच्या मुळाशी केसाइतकी बारीक काळी रेघ उमटली होती. चिरेत मुरलेले रॉकेल खडूने बाहेर ओढले होते. चुंबकाच्या चाचणीतही लोखंडाचा कीस नेमका त्याच रेघेवर गोळा झाला. झिजलेली पिन कोणीतरी वेल्डिंगने भरून मूळ मापाला आणली असावी. पिन आणि बाजूचा गाल जिथे मिळतात, तिथे गोलाई ठेवायची असते. इथे कोपरा धारदार सुटला होता. साऱ्या ताणाचा भार अशाच कोपऱ्यावर येतो आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकून लोखंड थकते. मायक्रोमीटरला जाडी कळते, थकवा कळत नाही.

आमच्या जुन्या क्रँकवर मात्र खडू पांढराशुभ्र होता.

दुकानदाराने पैसे परत करण्याची तयारी दाखविली. "ठेवून जा, दुसरे गिऱ्हाईक मिळेल," असे तो सहज म्हणाला. ते दुसरे गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याच्याही मागच्या सीटवर कोणाची तरी आई बसलेली. मी क्रँक परत उचलला आणि घरी आणला. पैसे गेले, याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

जुना क्रँक चाळीसवर उतरविला. प्रत्येक कोपऱ्याची गोलाई उस्तादांनी स्वतः गेजने तपासून घेतली. पहिले हजार किलोमीटर मी गाडी इंदूरच्या आसपास हळूहळू चालविली आणि मग आईला घेऊन निघालो. खलघाटला तिने नर्मदेला नाणे वाहिले. बिजासन घाटात मी श्वास रोखून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आरशात पाहिले तर आई गाढ झोपली होती.

तो लखलखीत क्रँक अजून आमच्या अंगणात आहे. चिरेवर मी लाल रंगाने जाड रेघ ओढली आहे. माझ्यामागे कोणी तो विकायला काढला, तरी ती रेघ दिसावी.