बदल, दुरुस्ती आणि इस्लाह

मी शाळेत दोन भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. एका तासाला फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे. या रोजच्या ये-जा मध्ये एक गोष्ट सारखी जाणवते. दोन्ही भाषांनी कितीतरी शब्द एकाच घरातून आणले, पण आणल्यावर प्रत्येकीने ते आपापल्या रीतीने वापरले. एखादी गोष्ट आहे त्याहून वेगळी किंवा चांगली करण्याचे शब्द घ्या: बदल, दुरुस्ती, सुधारणा, तरमीम, इस्लाह. वरवर सगळे भाऊबंद वाटतात. पण यांतला कुठला शब्द निवडला यावरून चूक कुणाची आणि हात लावायचा हक्क कुणाचा, हे ठरून जातं.

हे मला शब्दकोशापेक्षा शाळेच्या ऑफिसात जास्त कळलं. दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की आमच्याकडे नावांची सरबराई सुरू होते. एका मुलीचं नाव जनरल रजिस्टरला 'रिजवाना' आणि आधार कार्डावर 'रिझवाना'. मराठीत नुक्ता लिहायची रीत नाही, म्हणून उर्दूतला 'झ्वाद' कुणी 'ज' लिहितो, कुणी 'झ'. दोघंही आपल्या जागी बरोबर. पुढे कुणीतरी तो 'ज' बघून इंग्रजीत 'जे' टाकतो आणि एका मुलीच्या दोन मुली होतात. त्या मुलीचे वडील कागदांची पिशवी घेऊन आले होते. त्यांना एका कार्यालयातून सांगितलं होतं, 'नावात बदल' करायचा असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून आणा. ते मला म्हणाले, "आपा, नाम बदलना नै है. मेरी बेटी का नाम पैदाइश से वोइच है."

त्यांचं म्हणणं व्याकरणाच्या दृष्टीनेही अचूक होतं. त्यांना बदल नको होता, दुरुस्ती हवी होती. बदल म्हणजे आधी एक होतं, आता दुसरं आहे, आणि ते माझ्या मर्जीने. दुरुस्ती म्हणजे जे खरं आहे तेच, फक्त कागदावर नीट उमटलेलं. पहिल्यात कारण नाव सांगणाऱ्याने द्यायचं, दुसऱ्यात चूक लिहिणाऱ्याची. अर्जाच्या विषयात एक शब्द इकडचा तिकडे झाला की बापाला गुन्हेगारासारखं पुरावे देत फिरावं लागतं. आम्ही अर्ज नव्याने लिहिला, विषय टाकला 'नावातील लेखनदोषाची दुरुस्ती', आणि तो शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी पाठवला.

'बदल' हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा गोतावळा मोठा आहे. शिक्षकांची झोप उडवणारी 'बदली' त्यातलीच. हिंदी-उर्दूतला 'बदला' म्हणजे सूड, तोही त्यातलाच. मराठीत कामाचा 'मोबदला' मिळतो तो त्याच घरातला, आणि 'तुझ्याबद्दल' मधला 'बद्दल' सुद्धा. या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: एकाच्या जागी दुसरं. म्हणून बदल चांगलाही असतो आणि वाईटही. महसुलातला 'फेरफार' पाहा. गाव नमुना 6 मध्ये नोंदला की तो कायदेशीर, आणि कुणी गुपचूप केला की तोच शब्द लबाडीचा.

'दुरुस्त' फारसीतून आला. उर्दूत तो 'बरोबर' या अर्थाने चालतो. समोरच्याचं पटलं की आपण म्हणतो, 'आपने दुरुस्त फरमाया.' मराठीत मात्र सायकल दुरुस्त होते, पंखा दुरुस्त होतो, रस्ता दुरुस्त होतो (म्हणजे पावसाळ्यापर्यंत). घटनेच्या बाबतीत तर मोठी गंमत आहे. मराठी म्हणते 'घटनादुरुस्ती', उर्दू म्हणते 'तरमीम', हिंदी म्हणते 'संशोधन'. आणि मराठी मुलांना संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा आठवते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले, असं शिकवताना एका मुलाने विचारलं होतं, "मिस, दुरुस्ती केली म्हणजे घटना बिघडली होती का?" मी त्याला 'तरमीम' फोडून दाखवला. तो आणि 'मरम्मत' एकाच धातूचे. पावसाळ्याआधी छप्पर शाकारतात म्हणून कुणी घर मोडकं आहे असं म्हणत नाही. राहायचं असतं म्हणूनच शाकारतात.

आता 'सुधारणा'. हा शब्द मराठीचा लाडका. आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' हेच नाव पत्राला दिलं. त्याच्या अठरा वर्षं आधी, 1870 मध्ये, सर सय्यद अहमद खान यांनी 'तहजीबुल अखलाक' सुरू केलं होतं. तहजीब म्हणजे आपण सभ्यता समजतो, पण अरबीत मूळ अर्थ झाडाची छाटणी करून त्याला नीट वाढू देणं. दोघांनी आपल्याच अंगणातल्या झाडाला हात लावला आणि आपल्याच लोकांचे बोल खाल्ले.

मराठीत 'सुधारणे' या क्रियापदाची एक खोड आहे. हिंदी-उर्दूत 'सुधरना' वेगळं आणि 'सुधारना' वेगळं. मराठीत दोन्हीला एकच रूप. 'मुलगा सुधारला' आणि 'मी वही सुधारली'. त्यामुळे कोण स्वतः सुधारतंय आणि कोण कुणाला सुधारतंय, हे वाक्य पूर्ण होईपर्यंत कळत नाही. स्टाफरूममध्ये कुणी प्रेमाने म्हणतं, "मॅडम, तुमच्या समाजात सुधारणा व्हायला हवी." मी विचारते, कुठली? मुलींचं शिक्षण? उशिरा लग्न? त्यासाठी माझ्या वर्गातल्या मुली रोज घरी भांडतात. सुधारणा हवीच आहे, हवी की नको हा वादच नाही. प्रश्न एवढाच, की या वाक्यात वही कोण आहे आणि लाल पेन कुणाच्या हातात आहे?

आपल्या मोहल्ल्यातही हेच होतं, फक्त शब्द वेगळा असतो. 'इस्लाहे मुआशरा'चे जलसे होतात. हुंडा नको, लग्नातली उधळपट्टी नको, असं स्टेजवरून सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मुलींच्या लग्नाबद्दल हे बोलणं चालतं, त्या पडद्यामागे बसून ऐकतात. त्यांना कुणी विचारत नाही.

खरं तर 'इस्लाह' हा या सगळ्यांतला सर्वांत नम्र शब्द आहे. स्वाद, लाम, हे या तीन अक्षरांतून तो निघतो. त्याच अक्षरांतून 'सुलह' निघतो, म्हणजे समेट. कुरआनात दोन गटांत समेट घडवण्यासाठी हाच धातू येतो, आणि इस्लाहच्या विरुद्ध शब्द येतो 'फसाद'. उर्दू शायरीत तर इस्लाह ही जुनी रीत. शागिर्दाने शेर उस्तादाला दाखवायचा, उस्तादाने एखादा शब्द हलवायचा, पण खयाल शागिर्दाचाच राहायचा. मिर्झा गालिब आपले शागीर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना पत्रांतून इस्लाह देत आणि हा शब्द का हवा, तो का नको, तेही समजावून सांगत.

आणि मराठीने या धातूतून काय घेतलं, ठाऊक आहे? 'सलाह'वरून 'सल्ला' आणि 'मस्लहत'वरून 'मसलत'. आपण रोज म्हणतो तो 'सल्लामसलत' हा अख्खा शब्द इस्लाहच्या घरातला आहे. मराठीने नकळत दोघांना जोडून ठेवलंय. ज्याचं आयुष्य सुधारायचं, त्याच्याशी आधी बोला. न विचारता केलेल्या सुधारणेला फार तर फेरफार म्हणता येईल.

गेल्या वर्षापासून मी निबंधाच्या वह्या तपासताना शब्दाखाली फक्त रेघ ओढते. नवा शब्द मुलीने शेजारी बसून सुचवायचा. वेळ दुप्पट लागतो, पण निबंध तिचाच राहतो.