भिंतीवरचा 'ग्ध'

राजगुरुनगरला जुनी माणसं अजून खेडच म्हणतात. तसंच पाट्या रंगवणाऱ्याला चित्रकार न म्हणता 'पेंटर'. मला त्यात उणेपणा दिसत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले, १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला, आणि आडनावाच्या जागी पेंटर हीच ओळख राहू दिली. पोटासाठी केलेलं काम कला कसली, असं कुणी म्हणेल. पण शिरोरेघ एका दमात सरळ ओढण्याचा जो ताबा मनगटात येतो, तो पोटापुरताच कसा असेल? हाताने रंगवलेल्या पाटीपेक्षा फ्लेक्स स्वस्त आणि झटपट, हे खरं. चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी वाढणाऱ्या गावाला घाई असणारच. तरी उन्हापावसात फ्लेक्स फाटतो आणि मागच्या भिंतीवरचं फिकट 'दुग्धालय' डोकावतं. त्यातला 'ग्ध' कुणाच्या हातचा, एवढंच मनात रेंगाळतं.