ऑटोनगरातले पाच दिवस

तवंदीचा घाट आम्हा निपाणीकरांच्या पायाखालचा. पण त्या दिवशी कोल्हापुरी गूळ भरून हुबळीला निघालेला आमचा दहाचाकी ट्रक घाट चढताना तिसऱ्या गिअरमधून आपोआप सुटू लागला. ह्यांनी लिव्हर हाताने दाबून धरत कसाबसा माल पोचवला आणि परतताना गाडी बेळगावला ऑटोनगरात लावली. रात्री फोन आला, "गिअरबॉक्स गेलाय. नवाच घालावा म्हणतो. पासबुक घेऊन ये."

गाडीचा हिशेब मी ठेवते. त्या पासबुकात दोन लाख होते, तेही मुलीच्या कॉलेजच्या फीचे. महिनाअखेर भरायचे होते. सकाळच्या एसटीने निघाले.

ऑटोनगर म्हणजे गाड्यांचं इस्पितळच. कुणाचं इंजिन उतरलेलं, कुणाचा पाटा काढलेला. पाट्या कानडीत, हिशेब मराठीत, शिव्या दखनीत आणि सामानाची नावं इंग्रजीत. चहावाला पोऱ्या चारही भाषांत उधारी मागतो. बाई माणूस दिसल्यावर एकाने तेलकट स्टूल पुसून पुढे केलं.

मिस्त्री साठीचे, कानडी. ह्यांनी नव्या गिअरबॉक्सचा विषय काढताच म्हणाले, "बिच्चि नोडोण्री, आम्याल हेळतीनि." माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "न उघडता पैशाचं बोलायचं नाही, अक्कार."

आधी त्यांनी लिव्हरपासूनचे सांधे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग तपासले. तिथं ढिलाई असली तरी गिअर सुटतो आणि काम थोडक्यात भागतं. आमचं तसं भागलं नाही. मग परातीत तेल सोडलं. ते पाहिजे त्यापेक्षा बरंच कमी निघालं, कारण मागचं ऑइल सील गळत होतं. तळाच्या चुंबकी बोल्टावर बारीक काळा लगदा असतोच, तो झिजेचा. पण त्यात नखाएवढे लोखंडी कपचे चमकत होते.

चेन पुलीने डबा खाली घेतला, उघडला आणि डिझेलने धुतला. मिस्त्रींनी एकेक भाग गोणपाटावर मांडला. तिसऱ्या गिअरचे स्लीव्ह अडकवणारे छोटे दात गोल झाले होते, स्लीव्हही झिजलेली. मेन शाफ्टच्या बेअरिंगला खड्डे पडले होते. पण काउंटर शाफ्टचे दात शाबूत होते. बेअरिंग जिथं बसतं ती डब्याची बैठक घट्ट होती आणि डब्याला कुठं तडा नव्हता. "डबा फुटला असता, बैठक मोठी झाली असती, नाहीतर काउंटर शाफ्ट गेला असता, तर मीच बदला म्हटलं असतं," ते म्हणाले.

आता तीन वाटा होत्या. नवा घेतला तर पासबुक कोरं. जुन्या बाजारातला पंचाहत्तर हजारांना, उद्याच बसवून मिळणार. पण तो कुठल्या गाडीचा, किती पळालेला, आतून कसा, कोण सांगणार? शिवाय त्याचे दात आमच्या मागच्या ॲक्सलशी आणि शाफ्टच्या खाचा आमच्या क्लच प्लेटशी जुळायला हव्यात. दुरुस्तीला बावन्न हजार आणि पाच दिवस. पाच दिवस गाडी उभी म्हणजे एक खेप बुडाली. ती धरूनही दुरुस्तीच स्वस्त पडत होती.

"दुरुस्तीच करा," मी म्हटलं. मिस्त्रींनी एक अट घातली. डबा उतरलाच आहे तर सगळी बेअरिंगं आणि सीलं नवी घालायची, क्लचही आत्ताच बघायचा. अर्धं काम केलं तर दोन महिन्यांनी पुन्हा डबा उतरवायची मजुरी. मी मान डोलावली.

मग त्यांनी गिअर ढकलणारा फोर्क हातात दिला. एका बाजूने चांगलाच झिजला होता. "गाडी चालवताना हात लिव्हरवरच ठेवता काय? त्या वजनानं फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो."

हे समोरच्या टायरवाल्याकडे बघू लागले. वीस वर्षं मी तो हात तिथंच बघत आलेय. पण मला तरी कुठं ठाऊक होतं! आणि सील गळत असल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं होतं, तेव्हा "पुढच्या खेपेला बघू" असं म्हणणारी मीच. त्या रात्री दोघंही फारसं बोललो नाही.

पाचव्या दिवशी गाडी तयार झाली. उद्यमबागेतून कोल्हापूरसाठी कास्टिंगचा माल मिळाला. मी केबिनमध्येच बसले. संकेश्वर मागे पडलं, स्तवनिधी आलं आणि तवंदीचा उतार लागला. उतारावर गिअर सुटला तर इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ह्यांनी तिसरा टाकला. मी लिव्हरवर नजर ठेवून होते. निपाणीचे दिवे दिसेपर्यंत ती जागची हलली नाही.

ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.