चारशें एक्केचाळीस गुणाकार

इ. स. २००५ च्या सुमारास एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत आम्हांस एक प्रश्न विचारला, व आम्हीं तो हंसण्यावारी नेला. त्याचें प्रायश्चित्त आम्हांस पुढें घ्यावें लागलें.

विषय अनंत गटांच्या वलयांचा होता. वाचकांनीं घाबरूं नये. शाळेंतील बहुपदीच येथें वेष पालटून येतात, फक्त क्ष चे ऋण घातही चालतात. एका पदाच्या राशीस व्यस्त राशि असते. अनेक पदांच्या राशीस ती नसते. कारण गुणाकारांत सर्वांत मोठें व सर्वांत लहान अशीं दोन पदें तरी उरतातच. ज्या गटांत अविकारकाखेरीज कोणताही घटक स्वतःशीं कितीही वेळां गुणिला तरी अविकारक होत नाहीं, अशा प्रत्येक गटाच्या वलयांत हेंच घडतें काय? घडतें, अशी अटकळ ग्रॅहॅम हिगमन यांच्या १९४० सालच्या प्रबंधापासून चालत आली. पुढें ती कॅपलान्स्की यांच्या नांवावर रूढ झाली. के-सिद्धांत ज्या व्यस्तक्षम सारण्यांचा हिशेब ठेवतो, त्यांतील सर्वांत लहान सारणी म्हणजे अशी एकच राशि. म्हणून या अटकळीचें महत्त्व.

“पण सर, मोठें पद कोणतें हें ठरवितांच आलें नाहीं तर?” हा त्या मुलाचा प्रश्न. “तसें होत नसतें,” असें आम्ही बोलून गेलों. वस्तुतः १९८८ सालींच प्रॉमिस्लो यांनीं एका गटांत चौदा घटकांचा असा संच दाखविला होता कीं, त्यांतील दोन घटकांचा कोणताही गुणाकार एकाच रीतीनें म्हणून येत नाहीं. आम्हीं तो लेख वाचला नव्हता. प्राध्यापकास हें सांगणें जड जातें.

फेब्रुवारी २०२१ मध्यें जर्मनींतील म्युन्स्टर येथील जाइल्स गार्डम यांनीं त्याच गटांत, एक अधिक एक शून्य मानून, एकवीस पदांची व्यस्तक्षम राशि दाखविली. ती शोधण्यास संगणक लागला. पडताळण्यास कागद पुरतो. व्यस्त राशीचींही पदें एकवीसच. आम्ही दोन रात्री जेवणाच्या टेबलावर ते ४४१ गुणाकार मांडीत बसलों. एक चिन्ह चुकल्यानें पहिली रात्र फुकट गेली. दुसऱ्या रात्रीं ४४० जोडीजोडीनें नाहींसे झाले, आणि एक उरला.

विद्यार्थ्याचा पत्ता मिळवून आम्हीं त्यास पत्र घातलें. तो आतां एका पेढींत आहे. त्यानें उलट टपालीं लिहिलें कीं, प्रश्न त्यास आठवत नाहीं. आम्हीं खडू टेबलावर आपटला होता, तेवढें आठवतें.

खडूचें आम्हांस मुळींच स्मरण नव्हतें.